सूर्याच्या बगलेत

आमच्या उत्रोलीचे गेनूतात्या देवळात कधी जात नसत. कळसाच्या सावलीत मात्र रोज उभे राहत. सूर्य बरोबर कळसाआड गेला, की त्याच्या दोन्ही अंगांचं आभाळ ते न्याहाळत. सावली सरकली की तात्याही सरकत, डोळे वरच ठेवून. वाटेत येईल ते त्यांच्या पायाखाली जाई. आमच्या आईने वाळत घातलेल्या भातातून ते कैकदा गेले, एकदा तर थेट उकिरड्यात बसले. आईने तोंडाचा पट्टा सोडला, की शांतपणे म्हणत, "थांब वयनी, त्याच्या बगलेत बगतोय."

त्याच्या म्हणजे सूर्याच्या. सूर्याच्या बगलेत भरदिवसा शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, येतं, असं तात्यांचं म्हणणं. रात्री दिसणाऱ्या शेंडेनक्षत्रांना ते जमेतच धरत नसत. "ती लांबनं जानारी. भित्री," म्हणत.

इतकी वर्षं सूर्याभोवती घुटमळल्यावर डोळे काय शाबूत राहणार? तात्या जिकडे बघत तिकडे मधोमध काळा डाग दिसे. समोरच्याचं तोंड डागात जाई, कान तेवढे बाहेर उरत. त्यामुळे अख्ख्या गावाचे कान त्यांना पाठ होते. मला म्हणायचे, "सदा न्हवं? बापाचा कान घेतलायस."

दुसरं वेड बोटाचं. कोवळ्या काकडीला सरळ बोट दाखवलं तर ती कुजते, म्हणून आमच्याकडे सगळेच बोट वाकवून दाखवतात. तात्या मात्र बैल, माणूस, भोरचा रस्ता, सगळंच वाकड्या बोटाने दाखवत. एखादा परका वाटसरू त्या बोटाच्या रोखाने ओढ्यात उतरला, की आम्ही पोट धरून हसायचो.

शाळेतले मास्तर एकदा त्यांना समजवायला बसले. म्हणाले, सूर्याच्या फार जवळ जाणारी शेंडेनक्षत्रं कधी वळसा घालून बाहेर पडतात, कधी त्या धगीने फुटून विरून जातात. तात्यांनी एवढंच विचारलं, "आन् कुनी बोट दावलं तर?" मास्तर हसले. तात्या उठून चालू लागले.

त्यांचा चेहरा बघून मला राहवलं नाही. मी मागोमाग खळ्यावर गेलो, आणि तिथे त्यांनी मला ते सांगितलं. तात्या पाच-सहा वर्षांचे असताना त्यांच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, त्यांना कडेवर घेऊन याच कळसाआडून सूर्याजवळचं शेंडेनक्षत्र दाखवलं होतं.

"आक्का म्हनाली, बोट वाकीव. म्या इसारलो. सरळ दावलं."

पुढे दोन-चार दिवसांत ते दिसेनासं झालं. त्याच दिवसांत आक्काला उलट्या सुरू झाल्या आणि ती गेली. दोन्ही आपल्याच बोटाने गेली, हे पोराच्या मनाने घेतलं ते कायमचं. पुन्हा तसं एखादं यावं, त्याला नीट बोट वाकवून दाखवावं आणि ते सुखरूप बाहेर पडावं, एवढ्यासाठी हा माणूस जन्मभर आभाळाखाली उभा होता. त्यानंतर मला त्या बोटावर हसवेना.

आणि एका हिवाळ्यात ते आलं. मळणीचे दिवस होते. दुपारी कळसापाशी सहज थांबलो, तर सूर्याच्या अगदी बगलेत कापसाच्या पेळूएवढा पांढरा फराटा. मी धावत जाऊन तात्यांना आणलं. त्यांनी मान वर केली, तिरपी केली, पुन्हा वर केली. ज्याच्यासाठी डोळे घालवले, ते नेमकं डागात जात होतं.

"हाय का रं?"

"आहे तात्या."

मी त्यांचा हात धरून रोख दिला. त्यांनी बोट जपून वाकवलं आणि खांदा भरून येईतो तसंच धरलं.

दोन-तीन दिवस असेच गेले. ते विचारायचे, मी आहे म्हणायचो. मग एका दुपारी कळसाच्या कुठल्याच अंगाला काही दिसेना. खोटं बोलावं असं फार वाटलं, पण जीभ वळली नाही.

"गेलं, तात्या."

आता हा माणूस कोसळणार, या भीतीने मी त्यांचा दंड धरला. त्यांनी दुसऱ्या हाताने आपलं वाकडं बोट चाचपलं.

"म्या बोट वाकीवलं हुतं न्हवं?"

"व्हय. मीच हात धरला होता."

"तरी गेलं."

"तरी गेलं."

"म्हंजी तवा बी माज्या बोटानं न्हाई गेलं."

माझाच जीव भांड्यात पडला. तात्या देवळाच्या पायरीवर बसले. इतक्या वर्षांची गाठ सुटली, असं मला वाटलं. मांडीवरचं त्यांचं बोट सरळ झालं होतं. कळसाची सावली त्यांच्या अंगावरून पुढे निघून गेली, तरी ते जागचे हलले नाहीत. मग माझ्या कानाचा अंदाज घेत त्यांनी तोंड वळवलं.

"मंग आक्का कशानं गेली रं, सदा?"

आक्का गेली त्या साली गावात पटकीची साथ आली होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी नुसता त्यांच्याजवळ बसून राहिलो.