सासूबाईंची कवळी आणि बिरदेवच्या दोन बॅगा

सायकल घेतली इथवर सगळं ठीक होतं. बिरदेवचं बिघडलं ते बॅगेपायी.

बिरदेव परभणीच्या एका शाळेत क्लार्क. वय सेहेचाळीस, आणि पोट वयाच्या थोडं पुढं. डॉक्टरांनी "रोज चालत जा" म्हणून सांगितलं, तर हा पठ्ठ्या सायकल घेऊन आला. (चालण्याला गिअर नसतात, हे त्याचं कारण.) निळीशार, एकवीस गिअरची, आणि कॅरिअर नसलेली.

"ह्याला मागं कॅरिअर कसं न्हाई?" बायकोनं, म्हणजे बबितानं, पहिल्याच दिवशी विचारलं.

"असल्या सायकलीला नसतं. लुक जातो."

"कुणाचा? तुमचा का सायकलीचा?"

बिरदेव फडकं घेऊन सायकल पुसायला लागला. पण दुसऱ्या दिवशी शाळेत डबा न्यायचा कशात, हा प्रश्न उभा राहिला आणि पुढं महिनाभर तो काही बसायचं नाव घेईना. पाठीवरची सॅक घ्यावी, का खांद्यावरून आडवी टाकायची साइड बॅग? बिरदेवनं रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. सॅकवाले म्हणायचे वजन दोन्ही खांद्यांवर सारखं पडतं. साइड बॅगवाले म्हणायचे पाठीला वारा लागतो. दोघांचंही बिरदेवला पटायचं, पंचाईत तीच होती.

शाळेत दोन तट पडले. व्यंकटराव सर सॅकच्या बाजूचे, ग्रंथपाल भुजंग साइड बॅगच्या. दोघांनीही आयुष्यात सायकल चालवलेली नव्हती, त्यामुळं दोघांचीही मतं एकदम पक्की होती. बबिताचं मात्र एकच पालुपद. "कॅरिअर बसवून घ्या." महिनाभरात ती हे अकरा वेळा म्हणाली. शेवटी बिरदेवनं दोन्ही बॅगा घेतल्या आणि कोणती वापरायची याचा विचार नव्यानं सुरू केला.

अशात पेडगावचा निरोप आला. पेडगाव म्हणजे बिरदेवची सासुरवाडी. मेव्हण्याच्या बबलूचं जावळ रविवारी काढायचं ठरलं होतं. बोकड ठरला, मांडव ठरला, पण खरी अडचण होती सासूबाईंची. कासाबाईंचे उरलेसुरले दात चार महिन्यांपूर्वी काढलेले. तेव्हापासून दुधात कुस्करलेली भाकरी खायची आणि तोंडावर पदर धरून बोलायचं, असं त्यांचं चाललेलं. नातवाला दोन दात आले तरी आजीचे काही येईनात. आणि बाईनं तर सगळ्या गल्लीला सांगून ठेवलेलं, "बबलूच्या जावळाचं मटण दातानं चावून खाईन. न्हाई तर पंगतीला बसायची न्हाई." एका शेजारणीनं "आता कशाला हौस या वयात?" म्हटलं, तेव्हा कासाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे. बबितानं हे सांगितलं तेव्हा बिरदेवलाही गलबलून आलं. माणूस बरा होता तो, फक्त बॅगेचं तेवढं सोडून.

कवळी परभणीलाच करायला टाकलेली, ती शनिवारी संध्याकाळी मिळाली. छोट्या निळ्या डबीत. बिरदेवनं ती घरी आणली.

"आणा हिकडं, मी काळीपिवळी जीपनं जायलेच की उद्या," बबिता म्हणाली.

"तू जा. डबी मी नेणार, सायकलवर. जावई हाय मी, जबाबदारी माझी."

"आवो, आईचे दात हायेत ते!"

"म्हणूनच."

बिरदेवला डोळ्यांसमोर सगळं दिसत होतं. मांडवात सायकल थांबते, बॅगेतून डबी निघते, आणि म्हातारेकोतारे म्हणतात, जावई असावा तर असा. या चित्रात फक्त बॅग कोणती ते दिसत नव्हतं. म्हणून रविवारी सकाळी त्यानं डबी आणि नवा शर्ट सॅकमध्ये ठेवला आणि वर साइड बॅगही घडी करून कोंबली. असावी सोबत.

चार किलोमीटरमध्ये पाठीला घामाची धार लागली. ते एक वेळ चाललं असतं. पण डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, तोंडाला धुळीसाठी रुमाल, आणि पाठीवर ती फुगलेली सॅक. कापसाच्या रानातून एकानं हाळी दिली, "ओ पंपवाले! कोणतं औषध मारायलात?"

"औषध न्हाई! सॅक हाय!"

"आमच्या कापसाच्या चार ओळींवर मारून जा की मग!"

बिरदेवनं पुढच्या लिंबाखाली सायकल थांबवली. सॅक रिकामी करून हँडलला अडकवली आणि डबी, शर्ट सगळं साइड बॅगेत भरलं. पाठीला वारा लागला. भुजंगचं बरोबर होतं. मग दर पायडलला बॅग घसरून पुढं यायला लागली आणि गुडघा बॅगेला ठोकायला लागला. व्यंकटरावांचंही बरोबर होतं.

पेडगाव दोन-अडीच किलोमीटर राहिलं असेल, तेव्हा रस्त्याच्या कडेला मेंढ्यांचा कळप आणि त्यात उमाजी दिसला. उमाजी सासऱ्यांचा चुलतभाऊ. जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस. जावळाला जायचं म्हणून तो कळप गावाकडं घेऊन निघालेला, आणि नेमकी एक मेंढी वाटेतच व्यायली होती.

"पावनं, बरं झालं आलात. हे कोकरू पाऊल टाकंना. मी काठी धरू, कुत्रं आवरू, का ह्याला घेऊ?" एवढं बोलून उमाजीची नजर बॅगेवर गेली. "आरं! लय झ्याक झोळी हाय की तुमची!"

धनगराचा गडी नवं कोकरू झोळीत घालून गळ्यात अडकवतो, ही रीत जुनीच. बिरदेवचा आजा अशी झोळी घेऊन अख्खा जिल्हा हिंडलेला. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

"पण काका, यात मामींची कवळी हाय."

"आणा ती. मी धरतो. तुमी आधी कोकरू घ्या."

डबी उमाजीच्या हातात गेली. शर्टाची मऊ गादी झाली. कोकरू आत बसलं, मुंडकं बाहेर काढून "बें" म्हणालं. आता डबी परत घेऊन सॅकमध्ये टाकायची, बिरदेवचं अगदी ठरलेलं होतं. पण तेवढ्यात कोकराची आई आली. तिला गिअरबिअर काही कळत नव्हतं, आपलं लेकरू एका निळ्या यंत्रावर चाललंय एवढंच कळलं. तिनं मागच्या चाकाला अशी काही धडक दिली की बिरदेव घाबरून पायडल मारायलाच लागला.

पुढं कोकरू गेलं की मागं आई जाते, आणि एक मेंढी निघाली की सगळा कळप निघतो. हे बिरदेवला लहानपणापासून माहीत होतं. वीस वर्षं क्लार्की करून विसरला होता, इतकंच. तो जोरात निघाला तशा मेंढ्याही जोरात निघाल्या. त्यानं गिअर बदलला, मेंढ्यांनीही बदलला! ब्रेक मारावा तर ऐंशी मेंढ्या चाकात. मागून उमाजी जिवाच्या आकांतानं ओरडत होता. बिरदेवला वाटलं, कळपाला ओरडत असेल.

मांडवात न्हावी बबलूला गोंजारत होता आणि बबलू गाव डोक्यावर घेऊन रडत होता. एवढ्यात धुरळा उठला. आधी सायकल आली, मग मेंढी, मग राहिलेल्या सगळ्या. मांडवाचं तोरण दोन मिनिटांत फस्त झालं. न्हावी वस्तऱ्यासकट बाजेवर चढला. बायका हसून हसून खाली बसल्या. आणि बबलू? बॅगेतून डोकावणारं कोकरू बघून पोरगं खिदळायलाच लागलं! तेवढ्यात न्हाव्यानं वेळ साधून जावळ उतरवून घेतलं.

"जावई लय वाजतगाजत आला बघा," सासरे म्हणाले.

मग कासाबाई पुढं आल्या. तोंडावर पदर धरलेला, दुसरा हात पसरलेला. बिरदेवनं ऐटीत बॅगेत हात घातला. हाताला कोकरू लागलं. नंतर शर्ट लागला, तोही ओला. मग डबी सॅकमध्ये टाकली असेल असं वाटून त्यानं सॅक उलटी करून झटकली. काहीच पडलं नाही.

"मामी... डबी..."

कासाबाई आत गेल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. बबितानं नवऱ्याकडं असं काही बघितलं की बिरदेवला वाटलं, आपण परत परभणीला जावं, तेही चालत. दोन बॅगा घेतल्या आणि म्हातारीची एवढीशी डबी सांभाळता आली नाही. त्याला खरंच रडू यायला लागलं.

पंधरा मिनिटांनी उमाजी धापा टाकत आला. डबी दोन्ही हातांत, प्रसाद धरावा तशी.

"पावनं, बोंबलून बोंबलून घसा बसला माझा! दात इसरून कुठं पळायलात?"

बिरदेवनं म्हाताऱ्याला मिठीच मारली. कोकरू मधे होतं, त्यानं तक्रार केली.

कासाबाईंनी भिंतीकडं तोंड करून कवळी बसवली. पंगत बसली, पण कुणी घास उचलेना. सगळ्यांचं लक्ष त्यांच्या ताटाकडं. त्यांनी मटणाचा तुकडा घेतला, चावला, आणि मऊ हाडाचा 'कट्' असा आवाज अख्ख्या मांडवाला ऐकू आला. लोकांनी टाळ्याच वाजवल्या! सासऱ्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. ती शेजारीण आपणहून रस्सा वाढायला उठली.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडल्यावर मेव्हण्यानं विचारलं, "दाजी, मग शेवटी कोणती बरी? सॅक का साइड बॅग?"

"झोळीच बरी," उमाजी म्हणाला.

"सॅक बरी, हात मोकळे राहतात," दुसरा कुणीतरी बोलला.

बिरदेवनं घसा खाकरला. महिन्याभराचा अभ्यास होता. "त्याचं असं हाय, वजनाचा तोल बघितला तर..."

कासाबाईंनी हात वर केला. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी तोंडावरचा पदर खाली घेतला आणि एक अक्षर न निसटता, ठणठणीत आवाजात त्या बोलल्या,

"जावईबापू, कॅरिअर बसवून घ्या."