साक्षीच्या मागची भिंत

एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाल्यापासून घरातल्या रंगांबाबत शेवटचा शब्द आपलाच, असं आरोही धरून चालली होती. त्यामुळे भाईंदरच्या गोडदेवमधल्या त्यांच्या खोल्यांना रंग काढायचं ठरलं, तेव्हा दुकानात पप्पांच्या पुढे तीच उभी राहिली आणि शेडकार्डवरच्या नखाएवढ्या चौकोनावर तिने बोट ठेवलं.

"वॉर्म रेड है, बेटा," दुकानदार म्हणाला. "घर में गर्माहट आती है."

"भाईंदरमध्ये गर्माहट कमी पडतेय का?" ज्ञानदेवांनी विचारलं.

"पप्पा, हॉलची एकच भिंत. बाकीच्या क्रीम करा ना."

नखाएवढा लाल भिंतभर झाला तेव्हा टीव्हीवर बातम्या देणारी बाईसुद्धा तापलेली दिसायला लागली. "पोस्टाच्या पेटीत राहायला आल्यासारखं वाटतंय," असं म्हणून ज्ञानदेव त्या दिवसापासून भिंतीकडे पाठ करून जेवू लागले.

पण भिंतीचे दिवस फिरले ते फोटोमुळे. आरोहीची मोठी बहीण साक्षी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघायची आणि घरात तिच्या लग्नाचं चाललं होतं. स्टुडिओतल्या फोटोत ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसत होती. मग आरोहीने मामाचा डिजिटल कॅमेरा आणला आणि ताईला लाल भिंतीसमोर उभं केलं.

"मान डावीकडे. हस. दात नको गं, नुसती हस."

फोटो हातात आला तेव्हा त्यांची आई शुभदा बराच वेळ बघत राहिली. "ही आपलीच ना?" तिने विचारलं.

दोन दिवसांत खालच्या मजल्यावरची शेवंती तिच्या मुलीला, दिव्याला घेऊन वर आली. "वहिनी, हिचा पण एक काढू दे ना. पाच मिनिटं फक्त." दिव्यामागून तिची मैत्रीण आशा आली. आरोहीचा भाव एवढा वाढला की ती मुलींना दारातूनच परत पाठवायची, "लाल साडी नको, भिंतीत हरवशील." आणि हे सगळे फोटो एकाच वधू-वर सूचक मंडळात गेले, कारण शेवंतीचा त्या मंडळावर विश्वास होता आणि शुभदाचा शेवंतीवर.

एरवी मुलाचा फोटो आला की साक्षी तो त्याच संध्याकाळी आईच्या हातात परत द्यायची. मीरा रोडच्या दिपेशचा फोटो मात्र तिच्या पर्समध्ये गेला आणि तिथेच राहिला. शुभदाने ते बघितलं आणि देवापुढे साखर ठेवली.

मग एका शनिवारी रात्री दिपेशच्या आईचा, सुगंधाबाईंचा फोन आला. "उद्या येतोय. पोहेबिहे नको. मला जरा घर नीट बघायचंय."

फोन ठेवून शुभदा खालीच बसली. "घर नीट बघायचंय म्हणजे भिंतच बघणार. म्हणतील, भिंत एवढी भडक तर मुलगी किती भडक असेल."

"मम्मी, फोटोत दिसलीय त्यांना भिंत," आरोही म्हणाली.

"फोटोत माणसं चेहरा बघतात. अहो, ते उरलेलं क्रीम काढा माळ्यावरून."

इतक्या आनंदाने ज्ञानदेव माळ्यावर कधीच चढले नव्हते. रंगारी रविवारी यायला तयार नव्हता, म्हणून दुपारच्या जेवणानंतर त्यांनी स्वतःच ब्रश हातात घेतला. लालावर क्रीमचा पहिला हात बसला आणि भिंत तापाच्या औषधासारखी गुलाबी झाली. दुसरा हात संपतोय तोच बेल वाजली.

पंखा पाचावर केला. भिंतीजवळच्या खुर्च्या उचलून आत नेल्या. साक्षीला सांगितलं होतं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. दिपेश सोफ्याच्या टोकाला बसला आणि स्वतःच्या गुडघ्यांकडे बघू लागला. सुगंधाबाई मात्र बसल्याच नाहीत. त्यांनी हॉल बघितला, स्वयंपाकघर बघितलं, दाराच्या मागेही डोकावून बघितलं.

"ती भिंत कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कुठली?" शुभदा म्हणाली.

सुगंधाबाईंनी पर्समधून तीन फोटो काढून टीपॉयवर मांडले. दिव्या, आशा, साक्षी. मागे तीच लाल भिंत. "दोन घरं बघून झाली माझी. एका घरी म्हणाले, फोटो स्टुडिओतला आहे. दुसरीकडे म्हणाले, आमच्या मामांकडची भिंत. आता तुम्ही सांगा."

"स्टुडिओतला," शुभदा म्हणाली.

"मामांकडची," ज्ञानदेव त्याच क्षणी म्हणाले.

सुगंधाबाईंनी पर्सची चेन लावली. "चल दिपेश. जे भिंतीबद्दल खोटं बोलतात ते उद्या कशाबद्दलही बोलतील."

दिपेश उठला, पण त्याचे पाय निघेनात. तेवढ्यात साक्षी उभी राहिली. कुणी काही विचारलं नव्हतं. रंगवताना टीपॉयवर राहिलेलं ओलं फडकं तिने उचललं आणि भिंतीवर जोरात फिरवलं. ओलं क्रीम निघून आलं आणि ताटाएवढा लाल गोल उघडा पडला.

"हीच ती भिंत. आमचीच आहे," ती म्हणाली. "दिव्या आणि आशाचे फोटोही इथेच काढलेत. तुम्हाला आवडणार नाही म्हणून आज रंगवली."

"तिन्ही फोटो मी काढलेत," आरोही म्हणाली.

सुगंधाबाईंनी फोटो त्या गोलाशेजारी धरून बघितला आणि पहिल्यांदा सोफ्यावर टेकल्या. "सापडली एकदाची."

"म्हणजे काय झालंय?" शुभदाने घाबरत विचारलं.

"याला विचारा. मंडळातनं फोटो आले आणि महाशयांनी आमचा हॉल लाल करून घेतला. मुलीला आवडतो म्हणे. अजून मुलगी बघितली नाही, भिंती तयार. चारी. छत वाचलं ते शिडी पोचली नाही म्हणून. बरं, कुठली मुलगी विचारलं तर लाजून म्हणतो, ‘ती लाल भिंतवाली.’ समोर तीन ठेवल्या, तर म्हणे तूच ओळख. मग निघाले भिंत शोधत."

ज्ञानदेवांनी दिपेशकडे बघितलं. इतक्या मायेने त्यांनी आजवर कुठल्याही स्थळाकडे बघितलं नव्हतं. "चारी भिंती?" त्यांनी हळूच विचारलं. दिपेशने मान हलवली.

साक्षीच्या हातात अजून फडकं होतं. जे बोलायचं ते आत्ताच, असं ठरवून ती म्हणाली, "मला लाल आवडत नाही. हा सगळा हिचा उद्योग आहे."

शुभदाने डोळे मिटले.

"मला पण नाही आवडत," दिपेश म्हणाला. एवढ्या वेळात त्याचं हे पहिलंच वाक्य, आणि ते त्याने मोठा सुस्कारा सोडून म्हटलं. "मी गॅलरीत झोपतोय सध्या."

सुगंधाबाई आधी लेकाकडे, मग साक्षीकडे बघत राहिल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. थांबल्यावर त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन पोहेही मागितले. पोहे खाता खाता साक्षीची रजा, दिपेशची रजा, लग्नाचा हॉल कधी मिळतो, सगळं बोलणं झालं.

"आधी आमचं घर रंगवून घेऊ," सुगंधाबाई म्हणाल्या. "या दोघांना आवडेल असा कुठला रंग काढावा?"

"मी एक निळा बघून ठेवलाय," आरोही म्हणाली.

"तू बस खाली," हॉलमधली बाकीची पाचही माणसं एकदम म्हणाली. दोन्ही घरांचं ते पहिलं एकमत.