कुलूप ओढून पाहणारे गजभियेसाहेब

गजभियेसाहेब कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी बाहेर पडायची वाट शोधतात. आमच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांनी आल्या आल्या बेसमेंटच्या खिडकीतून माणूस निघेल का ते पाहिलं, केकजवळचा पडदा बाजूला बांधला, आणि मगच मुलाला कडेवर घेतलं.

दोष त्यांचा नाही, कॅल्गरीचा आहे. इथल्या तेलाच्या कंपन्यांत कुठलीही मीटिंग 'सेफ्टी मोमेंट'शिवाय सुरू होत नाही. आधी कुणीतरी उठून जिन्याचा कठडा धरा, विंटर टायर वेळेवर लावा असं काहीतरी सांगायचं, मग कामाचं. आम्ही बाकीचे ते ऑफिसात ठेवून घरी येतो. गजभियेसाहेब पडले सेफ्टी इंजिनिअर, ते घरी घेऊन आले. भीमजयंतीला वंदना सुरू व्हायच्या आधी तेच माइक घेऊन आग लागली तर कुठल्या दारानं निघायचं, पार्किंगमध्ये कुठे जमायचं ते सांगतात. "आन् ग्रुप सोडायचा नाही भाऊ," हे शेवटचं वाक्य आता अख्खा हॉल त्यांच्यासोबत म्हणतो. घरातून निघताना ते कुलूप ओढून पाहतात, गाडीपर्यंत जातात, परत येऊन पुन्हा ओढतात.

असा माणूस एकदा जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाला, "आर्क्टिकच्या क्रूझवर येता का? केबिन दोघांची आहे." मला हसू आलं. मग त्यांनी कारण सांगितलं, आणि हसू गेलं.

प्रज्ञा त्यांची एकुलती एक मुलगी. तिची आई लवकर गेली, यांनीच तिला वाढवलं. डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांना पॅड आणि खिशात शिट्टी देऊन. ती नर्स झाली आणि तिनं नोकरी घेतली कुठे, तर आर्क्टिकमधल्या बॅफिन बेटावरच्या एका गावात, जिथे रस्ता पोचत नाही आणि पांढरी अस्वलं पोचतात. साहेब घाबरले. घाबरले की ते रागावतात. या दारातून गेलीस तर परत येऊ नको, असं बोलून बसले. पोरगी त्यांचीच. घराची किल्ली टेबलावर ठेवून गेली, आणि तेव्हापासून बोलणं बंद. तिथं जाणाऱ्या लहान विमानात साहेब या जन्मी बसणार नव्हते. क्रूझ मात्र त्या गावाला एका दुपारपुरती थांबणार होती. त्यांनी मुलीला मेसेज केला होता. उत्तर आलं नव्हतं.

जहाजावर भीती म्हणजे काय ते मला कळलं. बर्फ घासून गेला की केबिनच्या भिंतीतून करकर ऐकू यायची आणि मी पलंगाचा कठडा धरून बसायचो. साहेब लाइफ जॅकेट घालून जेवायला येत. आधी मी चेष्टा केली. नंतर मीही घालायला लागलो.

गाव आलं तेव्हा धुकं होतं. रबरी बोटींनी आम्हाला किनाऱ्यावर सोडलं. खांद्यावर बंदूक घेतलेल्या गावच्या वाटाड्यानं बजावलं की एकत्र राहा, आणि अस्वल दिसलंच तर समोर दिसेल त्या घरात शिरा. इथे दाराला कुणी कुलूप लावत नाही. "कुलूपच लावत नाहीत?" साहेबांनी मला दोनदा विचारलं. पण त्यांचं लक्ष किनाऱ्यावर होतं. प्रज्ञा आली नव्हती.

आम्ही शाळेकडे निघालो तोच वाटाड्याचा रेडिओ खरखरला. गावाच्या कडेला अस्वल दिसलं होतं. सगळ्यांनी ताबडतोब बोटींकडे परतायचं होतं. सगळे वळले, मीही वळलो, आणि पाहतो तर शेजारी साहेब नाहीत. ते धुक्यात, चढावरच्या आरोग्यकेंद्राच्या दिशेनं चालले होते.

मी त्यांच्यामागे का गेलो ते मला आजही सांगता येत नाही. "साहेब, ग्रुप," एवढंच मला म्हणता आलं.

ते वळले. चेहरा पांढराफटक पडला होता. "तुम्ही जा वापस," ते म्हणाले. "मले तिले एकदा पाहू द्या."

तेवढ्यात दोन घरांच्या मधे काहीतरी पांढरं हललं. चांगलं मोठं होतं. साहेबांनी माझी कॉलर धरली, समोरचं दार ढकललं, आणि आम्ही दोघे आत जमिनीवर पडलो.

आत एक म्हातारी चहा पीत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि ती हसायला लागली. बाहेर बर्फात चालवायच्या स्नोमोबाइलवरची पांढरी ताडपत्री वाऱ्यानं उचलली जात होती. कोण तुम्ही, असं तिनं इंग्रजीत विचारलं. नर्सचा बाप, एवढंच साहेबांनी सांगितलं. तिनं फोन उचलला.

प्रज्ञा ट्रक घेऊन आली. दारात उभी राहिली तेव्हा चेहऱ्यावर राग होता; ती भांडायची तयारी करूनच आली असावी. बाकीचे लोक कुठे आहेत, तिनं विचारलं. बोटीकडे गेले, मी म्हणालो. ती वडिलांकडे पाहतच राहिली.

"बाबा, यू लेफ्ट द ग्रुप?"

साहेबांनी मान खाली घातली. ती पुढे आली, त्यांच्या जॅकेटची चेन तिनं गळ्यापर्यंत ओढली आणि कॉलर तशीच धरून ठेवली. दोघंही रडत होती, आणि खरं सांगायचं तर मीही. मग आम्हाला किनाऱ्यावर सोडायला तिनं ट्रकमध्ये बसवलं, आमचे सीटबेल्ट ओढून पाहिले, आणि मगच गाडी सुरू केली.

त्या हिवाळ्यात मी साहेबांच्या घरी गेलो. दारावर टकटक करताच ते आपोआप आत उघडलं, कुलूप लावलेलंच नव्हतं. साहेब दारासमोरच खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर हॉकीची स्टिक. माझी चाहूल लागताच त्यांनी ती उचललीसुद्धा होती. घामानं कपाळ ओलं होतं.

दार उघडं ठेवून असे घाबरत का बसलात, मी विचारलं.

त्यांनी स्टिक खाली ठेवली. "प्रज्ञा सुट्टी मागून राहिली," ते म्हणाले. "कवा येईल सांगता येत नाही. तिच्याजवळ किल्ली नाही ना, भाऊ."