खुर्ची प्रचाराला गेली होती

घड्याळकाकांचा बेत अगदी साधा होता. वॉर्डाच्या निवडणुकीला उभं राहायचं, सपाटून आपटायचं आणि बायकोला घरी आणायचं! पहिल्या दोन गोष्टी त्यांना सहज जमण्यासारख्या होत्या. सगळा खटाटोप होता तो तिसरीसाठी.

काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, पंधरा दिवसांसाठी. त्या पंधरा दिवसांना आता चौदा महिने झाले होते. नातू पालथा पडला, रांगला, चालायलाही लागला, तरी काकू तिथेच! काका रोज संध्याकाळी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून फोन करायचे.

"बरे आहात ना?" काकू विचारायच्या.

"उत्तम!"

"काही अडत नाही ना?"

"छे! माझं काय अडणार?"

फोन ठेवला की काका शर्टाच्या तुटक्या बटणाकडे आणि काकू गेल्यापासून चावी न दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत बसायचे. 'ये' असं एकच अक्षर म्हणायचं होतं, पण ते काही केल्या घशाबाहेर पडत नव्हतं. आपण 'ये' म्हणायचं आणि तिने 'बघते' म्हणायचं, या भीतीने ते रोज 'उत्तम' म्हणत आणि कालचीच भाजी गरम करून जेवत. खिडकीपाशी काकूंची वेताची खुर्ची होती. तिच्यावर ते स्वतः बसत नसत, पेपरसुद्धा ठेवत नसत.

निवडणूक जाहीर झाली त्या दिवशी काका सलूनमध्ये होते. गालाला फेस लावलेला असतानाच त्यांना युक्ती सुचली.

"तिचं नाव अजून इथल्याच यादीत आहे! नवराच उभा राहिला तर मत द्यायला यायलाच लागेल की नाही?"

सलूनवाल्याने वस्तरा हवेत थांबवला. बेकरीवाला दोन वेळा निवडून आला होता आणि दोन्ही वेळा सलूनसमोरचं गटार उघडंच राहिलं होतं. त्यामुळे सलूनवाल्याला यादी, नवरा, मत यातलं काही ऐकूच आलं नाही. त्याने फक्त 'उभा राहिला' एवढंच ऐकलं.

"काका, तुम्ही उभे राहा! बाकीचं माझ्यावर सोडा!"

तिथेच घात झाला.

चिन्हांची सोडत निघाली आणि काकांच्या वाट्याला आली खुर्ची. आठवडाभरात वॉर्डातल्या प्रत्येक भिंतीवर एकेक रिकामी खुर्ची लागली! दुकानात जाताना खुर्ची, येताना खुर्ची. घरी विसरू म्हटलं ते आता चौकाचौकात दिसायला लागलं. काका मान खाली घालून चालू लागले. लोक म्हणाले, उमेदवार किती नम्र आहे बघा!

मग एक दिवस सलूनवाला हातगाडी घेऊन दारात आला.

"कागदावरच्या खुर्चीने काही होत नाही, काका. खरी हवी." आणि काका 'अरे, अरे' म्हणेपर्यंत काकूंची खुर्ची गाडीवर चढलीसुद्धा!

"ती नको! तिला ओरखडा आला तर..."

"जपून नेतो! मागे गादी लावली आहे!"

पुढे हातगाडी, तिच्यावर खुर्ची, मागे भोंगा आणि त्याच्यामागे एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून चालणारे काका. तो हात आधाराला होता, खड्ड्यात खुर्ची पडू नये म्हणून. पण बघणाऱ्याला ते कसं कळणार? एका गल्लीत एका म्हातारीने गाडी थांबवली.

"कोणाची रे बाबा ही खुर्ची?"

"बायकोची."

"मग ती कुठे आहे?"

काकांनी सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि चष्मा पुसला.

झालं! म्हातारीने डोळ्याला पदर लावला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वॉर्डाला कळलं की काकू आता या जगात नाहीत. दुसऱ्या दिवशी लोक भेटायला येऊ लागले. खुद्द बेकरीवाला पावाची पिशवी घेऊन आला.

"निवडणूक आपल्या जागी, पण फार वाईट झालं हो."

"अहो, ती लेकीकडे आहे!" काका ओरडले.

बेकरीवाल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असंच समजायचं. आई लेकीतच असते."

काका धावत सलूनमध्ये गेले. "लोकांना खरं सांग! भोंग्यावरून सांग!"

"वेडे की काय? मतं वाढताहेत!"

"मला मतं नकोत!"

"किती ही नम्रता!" सलूनवाला म्हणाला आणि प्रचारासाठी म्हणून काकांचा फोनही घेऊन गेला. 'मतदान रविवारी आहे' एवढं काकूंना सांगून झालं होतं आणि त्या 'बरं' म्हणाल्या होत्या. काका त्या 'बरं'वर चार दिवस तरंगत होते.

शनिवारी रात्री काकांचा फोन वाजला. सलूनवाल्याने तो दिवसभरातला दोनशेवा समजून उचलला, "खुर्चीलाच मत द्या!" असं ओरडला आणि ठेवून दिला. पलीकडे काकू होत्या. लेकीच्या शेजाऱ्यांची गाडी इकडेच येत होती, बसने येत नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी आठला बसस्थानकावर हजर! नऊची बस आली, तिच्यात काकू नव्हत्या. अकराच्या, एकच्या आणि तीनच्या बसमध्येही नव्हत्या. प्रत्येक बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांनी आशेने पाहून घेतलं. पावणेसहाची शेवटची बस रिकामी झाली तेव्हा त्यांना आठवलं की आपण उमेदवार आहोत आणि आपलंच मत द्यायचं राहिलं आहे. ते धावत केंद्रावर पोचले. सहा वाजून चार मिनिटं झाली होती आणि फाटक बंद होतं. गावाला वेळ लावून देणारा माणूस चार मिनिटांनी चुकला!

घरी आले तर भिंतीवरची सगळी घड्याळं चालू. दोरीवरच्या जुन्या शर्टाला बटण लावलेलं. काका जागच्या जागी उभे राहिले.

शेजारी राहणाऱ्या शाळेतल्या बाई दारात आल्या. "काका, काकू येऊन गेल्या."

"येऊन... गेल्या?"

"सकाळीच मतदानाला आल्या होत्या. बेकरीवाल्याच्या माणसाने हरकत घेतली, की ही बाई मेलेल्या बाईच्या नावावर मत देते आहे! काकूंनी ओळखपत्र दाखवलं, तरी तो म्हणाला, 'अख्ख्या वॉर्डाने शोक केला आहे, तुम्ही मागे हटा!' शेवटी मी साक्ष दिली तेव्हा कुठे मत देऊ दिलं. मग घरी येऊन दुपारपर्यंत तुमची वाट बघितली. बसायला त्यांची खुर्ची शोधत होत्या. ती दिसली नाही तेव्हा म्हणाल्या, 'मला मारलं आणि माझी जागाही उठवली. मग थांबू कशाला?' त्याच गाडीने परत गेल्या."

काका खिडकीपाशी जमिनीवरच बसले. खुर्चीचे चार ठसे फरशीवर दिसत होते. ती आली होती. याच खोलीत होती. आणि आपण तिकडे रिकाम्या बसमध्ये डोकावत होतो! चौदा महिन्यांत रडले नव्हते ते काका त्या रात्री रडले.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली. काकांना चारशे बारा, बेकरीवाल्याला चारशे बारा! अधिकाऱ्याने तीनदा मोजलं, नियमावली उघडली आणि जाहीर केलं, "समसमान. एरवी चिठ्ठी टाकली असती, पण एका मतावर हरकत आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा मतदान."

"एक मत!" सलूनवाल्याने कपाळ बडवून घेतलं. "एका मताने गेलो! कोणत्या शहाण्याने मत दिलं नाही?"

काकांनी हात पुढे केला. त्याच्या खिशातून आपला फोन काढून घेतला आणि भर गर्दीत नंबर लावला.

"ऐक, ठेवू नकोस! खुर्ची प्रचाराला गेली होती! मी स्टँडवर होतो, आठपासून सहापर्यंत. आणि मी तुला मारलं नाही गं, मला फक्त बोलता आलं नाही."

पलीकडे काकूंना इकडचा सगळा गलका ऐकू जात होता. "आता परत मतदान आहे म्हणे," काकू म्हणाल्या. "त्यासाठी येऊ का?"

"मतदान गेलं खड्ड्यात!" काका ओरडले. मतमोजणीचं अख्खं सभागृह वळून बघायला लागलं. "माझं काही उत्तम नाही. सगळं अडतंय. तू ये!"

"चौदा महिने वाट बघत होते या शब्दाची," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला झाला होता. "एवढ्यासाठी निवडणूक कशाला लढवायची हो? उद्या नऊच्या बसने येते."

या वेळी काकांनी चूक केली नाही. सलूनवाल्याला खुर्चीसकट घराच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः स्टँडवर गेले. बस आली. काकू उतरल्या. जरा वाळल्या होत्या, पण हातातली पिशवी तीच होती. काकांनी रात्रभर घोकलेली वाक्यं एका क्षणात उडून गेली.

"सतरा मिनिटं उशीर झाला," ते म्हणाले.

"चौदा महिन्यांत धरून चाला," म्हणत काकूंनी पिशवी त्यांच्या हातात दिली.

पंधरा दिवसांनी दोघं जोडीने मतदानाला गेले. या वेळी कोणी हरकत घेतली नाही. काका तीन मतांनी पडले! सलूनवाल्याला अजून झोप लागत नाही. बाकी एकही मत फिरलं नाही, मग फरक तीनचा कसा? काकू खिडकीपाशी खुर्चीत बसून विणत असतात आणि हा प्रश्न निघाला की काकांकडे बघत नाहीत. निवडून आला असता तर हा माणूस रोज संध्याकाळी घरी दिसला असता का, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वेळी खुर्चीला दिलेलं आपलं मत या वेळी बेकरीवाल्याला दिलं, हे त्यांनी काकांना त्याच दिवशी सांगून टाकलं.

काकांनी आपलंही तिथेच दिलं होतं. पण हे सलूनवाल्याला कोण सांगणार? गटार अजून उघडं आहे, आणि दाढीला तर सलूनमध्येच जावं लागतं!