हबीबशेठचा नवा रिमोट

विमानाचा रिमोट घ्यायचा म्हणून हबीबशेठनी नागपूरच्या दुकानदाराला व्हिडिओ कॉलवर अख्खं कपाट खाली उतरवायला लावलं. शेवटी म्हणाले, "घरी विचारून सांगतो."

हबीबशेठ आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. उमरखेडात त्यांचं कापडाचं दुकान. उभा जन्म गिऱ्हाइकांनी त्यांना ठाणावर ठाण उलगडायला लावलं आणि हेच वाक्य बोलून ती पायरी उतरली. आता दुकान मुलगा बघतो आणि शेठ गिऱ्हाईक झालेत. "ताई, मी बदला घेऊन राह्यलो," हसू दाबत म्हणाले.

छंद म्हणजे फोमची हलकी विमानं. पुसद रोडच्या माळावर उभं राहून रिमोटनं उडवायची. तिथल्या बाभळींनी त्यांची बरीच विमानं गिळली आहेत.

चार्जरचंही तसंच. "बॅटरीत तीन सेल असतात ताई. तिघाइलेबी सारखं मिळालं पाह्यजे. एकाले बिर्याणी अन् दुसऱ्याले पाणी, असं चालत नाही." चार चार्जर परत पाठवून पाचवा ठेवला. ही बॅटरी कधी पेट घेते म्हणे, म्हणून ती अंगणात मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करायची आणि ती भरेपर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसायचं.

"माझ्यापाशी कधी येवढे बसले नाही," आतून जुबेदाभाभी.

पण जुना रिमोट धडधाकट असताना नवा कशाला, ते कळेना. प्रश्नही अजब. वजन किती? अंगठ्यानं विमान वळवायची जी स्टिक, तिची स्प्रिंग किती ढिली होते?

"शेठ, लोक घट्ट मागतात," दुकानदार कुरकुरला.

"लोकाइचं राहू द्या. अजून दाखवा."

शेवटी पार्सल आलं. शेठनी मागचे स्क्रू फिरवले, रिमोट माझ्या हातात दिला. "करंगळीनं ढकला. हलली?"

"हलली."

"झालं!" म्हणत ते घरात गेले. मीही मागोमाग.

गेल्या वर्षी भाभींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सावरला, उजव्या हाताची बोटं मात्र मागेच राहिली. दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी मांजरीला फेकून मारला. चारचौघांत डाव्या हातानं जेवावं लागेल म्हणून लग्नाकार्याला जाणं सोडलं, मग दाराबाहेर पडणंच.

शेठनी रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. "चलो, मैदान पे."

"मुझे कहाँ आता है?"

"मुझे भी कहाँ आता है? बबूल से पूछ लो."

भाभी हसल्या, आणि कशा कोण जाणे, चपला शोधू लागल्या.

माळावर शेठनी दोन्ही रिमोट वायरनं जोडले. मला समजावलं, "मी बटन दाबून धरलं तोवर विमान वळवणं हिच्या हातात. सोडलं की माझ्या." वेग त्यांनी स्वतःकडेच ठेवला होता. विमान वर नेलं आणि बटण दाबलं.

भाभींनी उजवा अंगठा स्टिकवर टेकवला. विमान डुललं, कललं, सरळ बाभळींकडे निघालं.

"जुबेदा, मोड!"

"मोड रही हूँ! बटन मत छोड़ना!"

मी शेठकडे पाहिलं. एक बोट उचललं की विमान वाचणार होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला, पण बोट हललं नाही. भाभींनी ओठ आवळून स्टिक ढकलली. बाभळीच्या शेंड्यावरून विमान हळूच वळलं आणि आमच्या डोक्यावर आलं.

मग त्यांनी मोठमोठ्या फेऱ्या घातल्या. बॅटरी संपत आली तेव्हा शेठनी वेग कमी केला आणि भाभींनीच विमान गवतात उतरवलं. जरा आपटलं, पण मोडलं नाही. पंखा थांबला.

शेठ मात्र तसेच उभे, आभाळाकडे बघत, बटण गच्च दाबून.

"अब तो छोड़ो," भाभी म्हणाल्या. ते ऐकेनात. तेव्हा त्यांनी आपला रिमोट माझ्याकडे दिला आणि उजव्या हातानं, सावकाश, शेठचं बोट बटणावरून उचललं.