जोडीतलं एकच हँडल

उदेसिंगकाका राठोड कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची विचारपूस करतात, मग माणसांची. दार दोनदा उघडून मिटतात, बिजागरीला कान लावतात आणि निकाल देतात, "जीव हाय हिच्यात अजून." किंवा, "ही थकली बाप्पा, हिले आता मोकळी करा." एवढं झालं की मग माझ्याकडे वळून, "तुमी कशा हाय, बाई?" मी शाळेत शिकवते, म्हणून आमच्या गल्लीत सगळेच मला बाई म्हणतात. माझ्या गुडघ्यांची चौकशी बिजागऱ्यांच्या नंतर होते याचं पहिल्या वर्षी वाईट वाटायचं. आता दिग्रसमध्ये अकरा वर्षं त्यांच्या शेजारी काढल्यावर मीच आधी सांगून टाकते, "काका, मागचं दार कुरकुरतंय, आणि मी बरी आहे."

काका जिनिंगमध्ये फिटर होते. जन्मभर कापसाच्या यंत्रांचे आवाज ऐकल्यामुळे लोखंड बोलतं यावर त्यांचा पक्का विश्वास. रिटायर झाल्यापासून गावात कुठे जुनं घर पडत असलं किंवा कुणी न्हाणीघर नवं करत असलं, की तिथे काकांची सायकल उभी असायचीच. मिस्त्री लोक त्यांना पाहिलं की न सांगता घमेलं पुढे सरकवायचे. त्यातून नळ, कड्या, बिजागऱ्या, खिडकीचे गज, पंख्याची पाती असं सगळं ते निवडून घ्यायचे. मोटारीचं लोखंड मात्र फुकट दिलं तरी नको. "घरातल्या लोखंडाले मानसाच्या हाताची सवय असते," म्हणायचे.

आणि त्या वस्तूंचं ते जे करायचे ते पाहून मी खरोखर थक्क व्हायचे. पंख्याची पाती एकापुढे एक जोडून त्यांनी पत्र्याच्या छपराला पन्हळ केली. शॉवरची चाळणी झारीला बसवली. कुणाचा तरी जळलेला गिझर आणून त्यातल्या टाकीचा लाकडावर चालणारा बंब केला. जग चुलीवरून विजेवर गेलं, काकांनी विजेला परत चुलीवर आणलं, पण पाणी असं कडक तापतं की बोलायची सोय नाही. सिंकच्या गोल जाळीतून त्यांनी आपल्या भावाला तांड्यावर बी पेरायचं चाडं करून दिलं. माझा मोबाइल टेबलावर जिच्या आधाराने उभा राहतो, ती कधीकाळी एका खिडकीची बिजागरी होती. आमच्या शाळेची घंटासुद्धा त्यांच्या हातची. नळाच्या पाइपचा हातभर तुकडा, पण आवाज थेट बसस्टँडपर्यंत जातो.

ओसरीवर त्यांनी पितळी नळांच्या खुंट्या ठोकल्या आहेत. एकदा पुसदचे पाहुणे जेवायला आले आणि हात धुवायला त्यातला नळ फिरवून बसले. शर्ट, टोपी, पिशवी, सगळं त्यांच्या डोक्यावर आलं. काका शांतपणे म्हणाले, "तो चालू करायचा नाई, फक्त त्याले लटकवायचं हाय." पाहुणे जेवण होईपर्यंत नळाकडेच बघत होते.

हे सगळं मला आवडायचं, अगदी मनापासून. पण गेल्या वर्षी काकांनी एक नवाच नाद धरला. काहीही घ्यायचे ते एकच. एक कडी, एक मूठ, एक हुक. शिवाय घेण्याआधी डोळे घट्ट मिटायचे आणि ती वस्तू मिनिटभर बोटांनी चाचपायची. बाजारपेठेत एका व्यापाऱ्याचं जुनं घर पाडलं, तेव्हा खिडक्यांच्या मुठींचा ढीग पडला होता. काका अर्धा दिवस त्या ढिगाशी बसले आणि एक मूठ घेऊन आले.

"एवढ्यातून एकच, काका?"

"बाकी साऱ्या तिच्याच बहिनी हाय न."

"मग घ्यायच्या की जोडीने."

"जोडी कामाची नाई, बाई."

वर त्या दिवसांत त्यांच्या कपाळावर कायम एक टेंगूळ असायचं. विचारलं तर, "कपाट मधात आलं." अकरा वर्षं कपाट जागेवर होतं, ते आताच मधे कसं येतं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी ओसरीच्या पुढे जायला लागले की दारात आडवे उभे राहायचे, "आत काम चालू हाय."

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण जमुनाकाकूंमुळे हसू येत नव्हतं. काकू म्हणजे काकांची बायको. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला आणि गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ज्या बाईने तरुणपणी आरसे-कवड्या टाकून असे फेटिये, म्हणजे बंजाऱ्यांचे घागरे, शिवले की लग्नात लोक नवरी सोडून घागरा बघत, तिला आता मला आवाजावरून ओळखावं लागत होतं. एकदा गॅसपाशी हात भाजला. एकदा पायरी चुकून पडल्या. तेव्हा मुलगा विजय नागपूरहून धावत आला आणि त्याने सांगून टाकलं, घर विकायचं, दोघांनी त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यायचं. काकू नुसत्या खाटेची कड धरून बसल्या. काका म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांब. तिले इथं एकटीले फिरता नाई आलं, तं मीच सामान बांधतो."

सगळी गल्ली म्हणाली, म्हाताऱ्याचा जीव भंगारात अडकलाय. मीही तेच म्हणाले, आणि जरा मोठ्यानेच म्हणाले.

श्रावणात आम्ही पुढचं दार बदललं. जुनं दोन फळ्यांचं होतं, प्रत्येक फळीला एक पितळी हँडल, मधोमध फुगीर, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. काका आलेच. डोळे मिटले, डावं हँडल चाचपलं, उजवं चाचपलं. चेहरा असा खुलला की जणू सोनं सापडलं.

"हे एक द्या, बाई."

माझं डोकंच फिरलं. "दोन्ही न्या, नाहीतर एकही नाही. आणि काका, आता पुरे झालं हे. काकूंना दिसत नाही, दोन महिन्यांत घर जाणार, आणि तुम्ही कड्या गोळा करत फिरताय? जरा त्यांच्याकडे बघा."

काकांनी हातातलं हँडल हळूच खाली ठेवलं. "बरं बाई," म्हणाले आणि गेले. दाराकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी त्याच दुपारी दोन्ही हँडलं भंगारवाल्याला देऊन टाकली. मी बोलले ते बरंच झालं, असंच तेव्हा वाटत होतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी विजय आला. "बाई, तुम्ही सोबत चला. तुमचं बाबा ऐकतात," म्हणाला. कितपत ऐकतात ते मला ठाऊक होतं, तरी गेले. या वेळी काका दारात आडवे उभे नव्हते. "या न आत," म्हणाले. "विजय, तू काही बोलू नको. आधी चहा पी. तुई माय करन."

"बाबा, आई? एकटी?"

काकू खाटेवरून उठल्या. तेव्हा मला भिंत दिसली. खाटेपासून सगळ्या घरभर, कमरेच्या उंचीवर, नळाचे जुने पाइप जोडत जोडत नेले होते, घासून, रंगवून, कुठे टोक बोचणार नाही असे. आणि वळणावळणावर त्यांच्यावर एकेक वस्तू बसवली होती. काकूंचा हात पाइपवरून सरकत गेला. काका जागेवरून हलले नाहीत, फक्त हलक्या आवाजात आम्हाला सांगत राहिले.

"तो नळ लागला न, की न्हाणी. ते कडी लागली की देवघर. आता बिजागरी. तिले धक्का लागला की ते हालते, म्हंजे खाली पायरी हाय."

काकूंच्या बोटाखाली बिजागरी हलली. काकू थांबल्या, पाय खाली टाकून अंदाज घेतला आणि उतरल्या.

"आता चाळणी. भोकं लागले की गॅस उजव्या हाताले."

स्वयंपाकघरातून लायटरचा आवाज आला. विजय उठायला लागला, काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. काकूंनी दोन खेपा केल्या, एक हात पाइपवर, दुसऱ्या हातात कप. तिसऱ्या कपासाठी त्या परत गेल्या तेव्हा विजयच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसतही नव्हता.

"तिनं जन्मभर कवड्या बोटानं मोजल्या," काका म्हणाले. "अंधारात सांगे, हा टाका माहा, हा माह्या मायचा. मी म्हटलं, मंग घर काहून नाई वाचता येणार? पन दोन वस्तू एकासारक्या लागल्या की ते गोंधळे. म्हनून एकाले दुसरी जोडी नाई पाह्यजे. तिची टुकरी डोळ्याले बांधून मीच फिरून पाह्यलं आधी, दोन-दोन घंटे."

टुकरी म्हणजे काकूंची ओढणी. मला त्यांच्या कपाळावरची टेंगळं आठवली. जी बाई शाळेत मुलांना नीट निरखून बघा म्हणून शिकवते, तिने वर्षभर शेजारच्या घरात काहीच पाहिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घराच्या विक्रीचा विषय विजयने काढला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

"पुरं पाह्य न अजून," काका म्हणाले. पाइप मागच्या दाराने अंगणात गेला होता. तिथून भिंतीच्या कडेकडेने फाटकापर्यंत. फाटकाच्या खांबाला, अगदी शेवटी, माझ्या दाराचं पितळी हँडल होतं. मी रागाने विकलेलं, त्यांनी भंगारवाल्याकडे जाऊन निवडून आणलेलं. दोनातलं एकच.

काकूंनी त्यावर हात ठेवला. "हे बाईचं घर," म्हणाल्या. "इथून पुढं पाच पावलं. पन पुढं धराले काही नाई न, म्हनून जात नाई मी."

मी तशीच बाजारात गेले. दुसरं हँडल भंगाराच्या ढिगात तळाशी होतं, साडी काळी झाली पण मिळालं. काकांच्या हातात दिलं आणि म्हटलं, माझ्या फाटकाला लावून द्या. काका घुटमळले.

"सारकंच हाय हे, बाई. तिचा गोंधळ होईन."

"लावा न तुमी," काकू म्हणाल्या. "हे दोन सारकेच पाह्यजे. एक सुटलं की दुसऱ्याकडंच जायचं हाय मले."

काकांनी ते बसवलं, स्क्रू आवळले, कान लावला. दुसऱ्या दिवशी चार वाजता काकू पहिल्यांदा एकट्या निघाल्या. मी माझ्या फाटकाच्या आत उभी होते. काका त्यांच्या फाटकात. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते, हात थोडा पुढे केला होता आणि ओठातल्या ओठात मोजत होते, एक, दोन, तीन. पाचाला माझ्या हँडलवर काकूंच्या बांगड्या वाजल्या, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.