पाच ताऱ्यांची घरघंटी

आमच्या बाईसाहेबांनी आता वरचं खायला सुरुवात करावी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बाईसाहेब म्हणजे आमची मुलगी. तोंडात दात एकही नव्हता, पण घरात शब्द तिचाच चालायचा. "ताज्या, बारीक पिठाची मऊ लापशी द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कोपऱ्यावरच्या गिरणीत आमच्या आधी कुणाचं तरी जाडंभरडं दळलेलं असतं आणि त्यातलं मूठभर आमच्या डब्यात उतरतंच. म्हणून जेवता जेवता मी सहज म्हटलं, "घरीच एक छोटी घरघंटी घेऊ या का?"

वाक्य लगेच मागे घेतलं असतं तर निभावलं असतं. पण नवऱ्याचा घास हातातच थांबला होता.

नवरा एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात आहे. तिथे एकदा साहेबांसाठी खुर्ची निवडायला घेतली होती. खुर्ची आली तेव्हा साहेब निवृत्त झाले होते; पण निवड निर्दोष होती, हे तो अजून अभिमानाने सांगतो.

"वस्तू अशी उठून आणायची नसते," तो म्हणाला. "आधी गरज सिद्ध करावी लागते."

गरज पाटावर बसून वाटी बडवत होती.

दुसऱ्याच दिवशी समिती नेमली गेली. अध्यक्ष सासूबाई, तांत्रिक सल्लागार नणंद (फोनवरून), सचिव नवरा.

"आणि मी?"

"तू लाभार्थीची आई. तुला घेतलं तर निर्णयात माया शिरेल."

अंतिम निवड होईपर्यंत लापशीसाठी गिरणीतलंच पीठ, दोनदा चाळून वापरावं, अशी तात्पुरती व्यवस्था मंजूर झाली.

समितीने चर्चेचं दळण घातलं आणि ते काही केल्या संपेना. नणंदेचं म्हणणं, दळताना पीठ तापता कामा नये. सासूबाईंचं म्हणणं, आवाज होता कामा नये. नवऱ्याचं म्हणणं, जाळ्या भरपूर हव्यात. शेवटी अध्यक्षांनी, घरघंटीचा रंग कपाटाशी जुळावा, अशी एक अट घातली आणि तेवढ्या एकाच अटीवर तिघांचं एकमत झालं.

मग सगळे दुकानात गेलो. विक्रेता गोड बोलणारा होता. त्याने एका घरघंटीचं दार असं उघडलं, जणू आत मूर्तीच आहे.

"सात जाळ्या, साहेब!"

"लोक किती वापरतात?" मी विचारलं.

"एकच. पण ताई, सात आहेत!"

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला स्वतःच्या शिक्षणाची लाज वाटली.

विक्रेत्याने मूठभर धान्य दळून दाखवलं. सासूबाईंनी पीठ चिमटीत धरलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण विकणारा छानच दाखवणार. वापरणारे काय म्हणतात ते बघा."

इथून समिती लोकमताकडे वळली. नवरा रोज संध्याकाळी फोनवर अनोळखी लोकांचे अभिप्राय मोठ्याने वाचू लागला. ज्याने शेजाऱ्याचं मत आयुष्यात घेतलं नाही, तो कुठल्या तरी 'समाधानी गृहिणी'च्या शब्दावर डोलू लागला. कुणी एक तारा दिला की सासूबाई म्हणत, "बघा, वाचलो!" कुणी पाच दिले की नणंद म्हणे, "पैसे घेऊन लिहिलं असणार."

एवढ्यात बाईसाहेबांना खालचे दोन दात आले. मी ही बाब समितीच्या कानावर घातली.

"मग निकष बदलतील," नवरा गंभीरपणे म्हणाला. "आता मध्यम जाळी."

शेवटी एका अभिप्रायाने सगळ्यांची मनं जिंकली. 'अत्यंत समाधानी. पेटी मजबूत. रंग सुंदर. घराला शोभा आली. पाच तारे.' समितीने तीच, सात जाळ्यांची घरघंटी एकमताने निवडली.

ती आली, तेव्हा तिला लागणारं विजेचं मोठं बटण फक्त एका कोपऱ्यात आहे असं आढळलं. त्या कोपऱ्यात पाळणा होता. वारा यायचा म्हणून मी तो तिथे ठेवला होता.

"पाळण्याला वीज लागत नाही," नवऱ्याने निदर्शनास आणून दिलं.

पाळणा दारामागे गेला. घरघंटीला वारा लागला.

पहिलं दळण टाकलं. जाळी मध्यम, पीठ गार, रंग कपाटासारखा. आवाज मात्र असा, की बाईसाहेब झोपेतून किंचाळत उठल्या आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसून बराच वेळ हुंदके देत राहिल्या. तिची पाठ थोपटत मी बंद बटणाकडे बघत होते. बाळासाठी आणलेल्या वस्तूला बाळच चालत नव्हतं.

समितीची तातडीची बैठक झाली. बाळ झोपलेलं असताना घरघंटी लावू नये, उठेल. जागं असताना लावू नये, घाबरेल.

"मग लावायची कधी?" सासूबाईंनी विचारलं.

"बाळ घरात नसताना," सचिव म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तू तिला घेऊन बाहेर जा ना जरा."

"आणि दळण कोण टाकणार?"

"तू आलीस की."

मी डबा उचलला, बाईसाहेबांना कडेवर घेतलं आणि कोपऱ्यावरच्या गिरणीत गेले. तिथला धडधडाट आमच्या घरघंटीच्या दसपट. पण पट्टा फिरताना पाहून बाईसाहेब खदखदून हसल्या. भुवया पांढऱ्या झाल्या, पापण्या पांढऱ्या झाल्या, तरी टाळ्या थांबेनात. गिरणीवाला म्हणाला, "वहिनी, ही माझी रोजची गिऱ्हाईक करा." तेव्हापासून आम्ही तिथेच जातो. घरी येऊन मी पीठ दोनदा चाळते, त्या ताज्या पिठाची लापशी करते आणि बाईसाहेब वाटी चाटून पुसून मोकळी करतात. आता तर त्या माझ्या ताटातलंही पळवतात.

घरघंटीवर सासूबाईंनी भरतकाम केलेला अभ्रा घातला आहे. नवरा ती कुणाला लावू देत नाही, झिजेल म्हणतो. पाहुण्यांना मात्र अभ्रा उचलून सातही जाळ्या दाखवतो.

परवा कंपनीचा निरोप आला : 'आपला अनुभव कळवा.' सचिवांनी मसुदा सांगितला, मी टाइप केला. आवाजाबद्दल एक ओळ घालू म्हटलं, तर तो म्हणाला, "आपली निवड चुकली असं जगाला सांगायचंय का?" म्हणून लिहिलं, 'अत्यंत समाधानी. पेटी मजबूत. रंग सुंदर. घराला शोभा आली.' आणि पाच तारे दिले.

पाठवून झाल्यावर मला वाटलं, हे मी कुठेतरी वाचलंय. तो जुना अभिप्राय काढून पाहिला. शब्दन् शब्द तोच. तो लिहिणारीच्याही घरात बाळ असणार.

तुम्हीही सध्या घरघंटी बघताय ना? मग आमचा अभिप्राय तुमच्या समितीपुढे येईलच. बिनधास्त विसंबा त्यावर. आणि आता हे वाचून हसताय, तर हसून घ्या. जात्यातले रडतात, सुपातले हसतात. तुमचं सूप आम्ही पाच तारे देऊन भरून ठेवलंय.